विजन आणि स्मरण

पारनेर तालुक्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत राहिले आणि त्यांनीच कठीण कातळ कोरला. पूर ओसरतो, तरी खळग्यांत पाणी साठून राहते. हा दृष्टांत साधकाने स्वतःस लावून पाहावा.

आप्तवियोग, वार्धक्य, गुरूंचे प्रयाण हे आयुष्यातील भोवरेच होत. त्यांनी जीव कोरला जातो, रिता होतो. त्या रितेपणात काय साठवावे, हाच खरा प्रश्न. इ. स. १२७४ च्या सुमारास सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेले व भक्तजन पोरके झाले. श्रीनागदेवाचार्य रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे याच जिल्ह्यातील सराळ्याच्या म्हाइंभटांनी ठिकठिकाणच्या भक्तांकडून स्वामींच्या आठवणी मिळविल्या. वियोगाच्या पोकळीत ‘लीळाचरित्र’ साठले.

म्हणून विजनास जाणाऱ्याने केवळ रम्य स्थळ शोधू नये. साधूने नित्य, वासनिकाने सवडीने एकांत सेवावा. परंतु स्मरणावाचून विजन म्हणजे नुसते रान. स्मरण असेल, तर दुःखाने कोरलेली जागाच नामाचे पात्र होते. नवे जीवन ते हेच.