मोल सांगायचं बळ दे

पांडुरंगा, तेरणेच्या काठी, तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपुढे बसून तुला हाक मारते आहे. सातशे वर्षांपूर्वी याच गावात काकांचे हात थोटे झाले, तेव्हा तू त्यांच्या घरी येऊन राबलास, मडकी घडवलीस, असं आजी सांगायची. चाकरी केलेला देव तू, म्हणून हे तुझ्यापाशीच बोलावंसं वाटतं.

सोमवारी पुण्याला परतले की साहेबांकडे पगारवाढ मागायची आहे. पहिल्याच नोकरीत तीन वर्षं झाली. काम वाढलं, नव्या मुलांना शिकवायचंही माझ्याकडं आलं. पगार मात्र जवळपास तिथंच आहे. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय. तरी आकडा सांगायचा म्हटलं की घशाला कोरड पडते.

ही कोरड कुठून आली, तू जाणतोस. आपल्या मालाचा भाव आपण सांगायचा असतो, हे आमच्या घरात मी कधी पाहिलंच नाही. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. अण्णांनी आडतीवर पोती उतरवली, ओलावा जास्त म्हणून त्याहून कितीतरी कमी भाव लागला, आणि हिशेबपट्टी खिशात घालून ते मुकाट्यानं घरी आले.

विठ्ठला, कष्टाचं मोल सांगणं ही हाव नव्हे, हे माझ्या मनात रुजव. घरभाडं, भावाची फी, अण्णांचं कर्ज यांचं रडगाणं तिथं नको. केलेलं कामच ओठावर येऊ दे. आकडा सांगून झाला की गप्प बसायचा धीर दे.

गोरोबाकाकांनी थापटण्यानं, मडकी पारखावीत तशी, संतांची डोकी थापटली, तेव्हा तुझे लाडके नामदेवच कच्चे ठरले. आधी रुसले, पण मग विसोबा खेचरांना शरण जाऊन पक्के झाले. साहेबांनी माझं कच्चेपण दाखवलं, तर ऐकायचे कान दे. आणि ती नुसती टोलवाटोलवी असेल, तर ओळखायची नजर दे.

ऑफर लेटरवरच्या मोठ्या आकड्याला मला भुलू देऊ नकोस. पीएफचा कंपनीचा हिस्साही बहुधा त्यातच धरलेला असतो. महिन्याला हातात किती पडणार, हे आधी विचारायचं सुचू दे. राहिले तर कुढत राहू नये. गेले तर नोटिशीचे दिवस मन लावून भरावेत, मागून येणाऱ्याला सगळं काम नीट समजावून द्यावं.

देवा, माझ्यापुरतं मागून उठवत नाही. मला निदान समोर बसून मागता येतं, नाहीच पटलं तर दुसरं दार आहे. अण्णांनी भरलेली पोती घेऊन कुठं जावं? त्यांच्या घामालाही एकदा त्यांच्या तोंडचा भाव मिळू दे, पांडुरंगा.