लिंबूटिंबू

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या घरी एक भांडण झाले आणि ते निवाड्यासाठी माझ्यापुढे आले. वादी तेरा वर्षांचा मुलगा, प्रतिवादी आठ वर्षांची मुलगी. फिर्याद अशी की, धाकटीने 'माइनक्राफ्ट' नावाचा संगणकावरील खेळ 'पीसफुल' म्हणजे शांततेच्या पद्धतीने खेळून चार दिवसांत मोठे घर बांधले, आणि आता ती दादाच्या घराशी बरोबरी सांगत फिरते. "पप्पा, तिच्या जगात राक्षसच येत नाहीत. भूकसुद्धा लागत नाही. ह्याला काय खेळणं म्हणायचं?" धाकटीचे उत्तर दोनच शब्दांचे होते. "घर माझंय."

ज्या वडीलधाऱ्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्वीडनमधील मार्कुस पेर्सोन यांनी २००९ साली तो लोकांपुढे आणला, २०११ मध्ये तो पुरा झाला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यातले सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे आहे. माती खणावी, झाड तोडावे, दगड काढावा आणि मनाला येईल ते रचावे. अमुकच करा असे कोणी सांगत नाही. अशा खेळांना 'सँडबॉक्स' म्हणजे वाळूची पेटी म्हणतात. बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर बसलेले पोर डोळ्यांपुढे आणले की पुरे. मात्र या वाळूत रात्र होते. रात्री झोंबी नावाची प्रेते हिंडू लागतात, सांगाडे बाण मारतात, आणि क्रीपर नावाचा एक हिरवा प्राणी पाऊल न वाजवता मागून येतो आणि फुटतो. खेळाडू मेला की त्याची सारी कमाई तेथेच सांडते. सुमारे पाच मिनिटांत ती गोळा केली नाही तर नाहीशी होते, आणि तापलेल्या लाव्हात पडली तर तत्क्षणी जळते.

'पीसफुल' निवडले की हे राक्षस येत नाहीत, भूक लागत नाही, जखम आपोआप भरते. 'क्रिएटिव्ह' निवडले तर सगळे ठोकळे फुकट, वर उडताही येते. इतर खेळांतही असेच असते. समुद्राच्या तळाशी तगून राहण्याचा 'सबनॉटिका' नावाचा एक खेळ आहे; त्यात तहानभूक वगळून खेळण्याची सोय आहे. अशा सोयींनी खेळ सुधारतो की नासतो, हा आमच्या घरचा खटला.

प्रथम मला हसू आले, कारण हा प्रश्न आम्ही बेळगावात चाळीस वर्षांपूर्वी गल्लीत सोडवला होता. लपाछपी असो की पकडापकडी, कोणाचे तरी धाकटे भावंड मागे लागलेले असायचेच. त्याला हाकलले तर आईकडे तक्रार जाणार. मग ते 'लिंबूटिंबू' व्हायचे. त्याने खेळावे, धावावे, ओरडावे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. त्यामुळे कोणाचा खेळ बिघडला असे मला आठवत नाही. उलट त्यामुळेच मोठ्यांना खेळायला मिळत असे, नाहीतर भावंडाला सांभाळायला घरी बसावे लागले असते.

म्हणून मी मुलाला पहिला प्रश्न विचारला, तिच्या राक्षस नसण्याने तुझे काय कमी झाले? त्याला उत्तर देता आले नाही, पण त्याचा राग गेला नाही. हा राग जगात पुष्कळ ठिकाणी दिसतो. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत शब्बाथशाळेच्या लेकरांनाही पाठ आहे. दिवसभर उन्हात राबलेल्यांना ठरलेले दाम मिळाले होते. दुखले ते एवढेच की, तासाभराच्या मजुरालाही तेवढेच मिळाले. मी कष्टाने मिळवलेले दुसऱ्याला सहज मिळाले म्हणजे माझे स्वस्त झाले, असे माणसाला वाटते. 'टेरारिया' हा खेळ करणाऱ्यांनी २०२० साली 'जर्नी' नावाची सोपी पद्धत आणली तेव्हा एक व्यवहारी तोड काढली. त्या पद्धतीतला खेळाडू फक्त त्याच पद्धतीच्या जगात जाऊ शकतो, सोपेपणाने मिळवलेली तलवार घेऊन दुसऱ्यांच्या कठीण जगात शिरू शकत नाही. कुरकुरीला यापेक्षा अधिक काही देणे लागत नाही असे माझे मत आहे.

शिवाय, सोपी पद्धत ही मूळ खेळात मागाहून केलेली भेसळ आहे, हा मुलाचा समजही खरा नव्हता. २००९ च्या मे महिन्यात लोकांनी जो खेळ प्रथम पाहिला त्यात राक्षस नव्हते आणि भूकही नव्हती. ठोकळे लावायचे आणि काढायचे, एवढाच तो होता. संकटे त्यात नंतर आली. म्हणजे धाकटी खेळत होती तोच जुना खेळ म्हणावा लागेल! हे ऐकून ती फारच फुशारली, आणि निवाडा येथेच संपला असता तर बरे झाले असते.

पण मुलाच्या म्हणण्यात कुरकुरीपलीकडचेही काही होते. पुढे आठवडाभर मी धाकटीच्या शेजारी बसून पाहिले. तिने घरापुढे गव्हाचे शेत केले होते. मी विचारले, "हा गहू कशाला?" ती म्हणाली, "छान दिसतो." दादाच्या जगात गहू म्हणजे भाकरी. ते शेत नसेल तर रात्री खाणीत उतरता येत नाही, म्हणून तो शेताला कुंपण घालतो, दिवे लावतो, पाणी खेळवतो. दोन्ही शेतांचे चित्र सारखेच, पण एकात गहू अन्न आहे आणि दुसऱ्यात वेलबुट्टी. भूक काढली की गव्हाचा अर्थही निघून जातो. क्रिएटिव्हमध्ये हिरा आणि चिखल यांची किंमत एकच. सोपी पद्धत म्हणजे तोच खेळ थोडा हलका करून दिलेला, असे आपण समजतो. ते तसे नाही. वस्तूंची नावे तीच ठेवून तो निराळाच खेळ होतो.

मला दिवाळीतले किल्ले आठवतात. आमच्या गल्लीत ख्रिस्ती मुले थोडी, पण माती कालवायला सगळ्यांना बोलावणे असे. विटांचे तुकडे, पोती, शेतातून आणलेली लाल माती, वर पेरलेले अळीव. पाऊस आला की बुरूज ढासळायचा आणि पुन्हा उभारायचा. आता बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. दिसायला तो आमच्या किल्ल्याहून कितीतरी सुबक, पण त्याच्याभोवती मुले जमलेली मी पाहिली नाहीत. तो आणून ठेवतात.

मग क्रिएटिव्ह पद्धत म्हणजे बाजारचा किल्ला काय? क्षणभर मला तसे वाटले, पण एक उदाहरण आडवे आले. २०२० च्या मार्चमध्ये 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या पत्रकारांच्या संस्थेने माइनक्राफ्टमध्ये एक ग्रंथालय उघडले. ज्या देशांत वर्तमानपत्रांवर बंदी आहे तेथील दडपलेले लेख त्यात ठेवले, कारण त्या देशांतही हा खेळ मुलांना उघडता येतो. दोन डझन माणसांनी सुमारे सव्वा कोटी ठोकळ्यांचे हे घुमटदार ग्रंथालय रचले. एवढे ठोकळे कोणी हाताने खणत बसले असते तर ते कधीच उभे राहिले नसते, आणि ते खणले नाहीत म्हणून ते खोटे आहे असे कोण म्हणेल? त्या माणसांचे कष्ट वाचले नव्हते, त्यांची जागा बदलली होती. खांब किती अंतरावर, घुमट किती उंच, ऊन कोठून यावे, ही काळजी ठोकळे फुकट मिळाल्याने कमी होत नाही. धाकटीने आपले छप्पर चार वेळा पाडले होते हेही मला नंतर कळले.

कॅनडात शिकवणारे तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली खेळांविषयी एक पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा माझ्या शब्दांत सांगायचा तर असा : चेंडू खळग्यात टाकणे एवढाच हेतू असता तर गोल्फवाल्याने तो हातात धरून नेऊन टाकला असता. लांब काठीने, दुरून, असे आडवळण तो आपण होऊन पत्करतो, आणि पत्करतो म्हणूनच तो खेळ. सारा जोर 'आपण होऊन' या शब्दांवर आहे. हे मी वाचले होते, समजलेही होते असे मला वाटत होते.

आता माझ्या चुकीकडे येतो.

मुलाने आपले जग 'हार्ड' या सर्वांत कठीण पायरीवर ठेवले होते, आणि त्याहीपुढे जाऊन खेळातले एक छोटेसे कुलूप दाबले होते. ते एकदा दाबले की त्या जगाची पायरी पुन्हा बदलता येत नाही. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "नाहीतर मी भ्यालो की बदलीन." मला हे उत्तर फार आवडले. ज्याने कधी उपवास केला आहे त्याला ते कळेल. चुलीवरचे पातेले समोर असते आणि झाकण काढायला कोणाची मनाई नसते, तेव्हा उपवास अर्धा भुकेशी आणि अर्धा त्या झाकणाशी चालतो. सोपी पद्धत हाताशी असण्यात नासण्याचा धोका आहे तो इतकाच, आणि तो लहान नाही. संकट आले की यादी उघडून ते बंद करता येते, एवढे ठाऊक असले की संकटाचा रंग फिका पडतो, जरी ते बंद केले नाही तरी. म्हणूनच काहीजण 'हार्डकोअर' खेळतात. त्यात मरण एकदाच. त्यानंतर त्या जगात पुन्हा उभे राहून खेळता येत नाही. इंग्लंडमधील फिल्झा नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका खेळाडूने असे एक जग पाच वर्षे जपले आणि २०१९ साली एका पोरसवदा झोंबीमुळे गमावले. हजारो लोक त्यावर हळहळले. मरण परत फिरवता आले असते तर कोणी हळहळले नसते, आणि पाच वर्षे कोणी पाहतही बसले नसते.

तर, एके संध्याकाळी मुलगा लाव्हात पडला. तीन आठवडे साठवलेले हिऱ्यांचे चिलखत, कुदळ, सारे जळाले. तो जेवला नाही. रात्री उशिरा मी उठून पाहिले तर उशी ओली होती. मला राहवले नाही. पायरीला कुलूप होते, पण खेळात एक वेगळा नियम असतो, 'कीप इन्व्हेंटरी'. तो चालू केला की मेल्यावरही वस्तू आपल्याजवळच राहतात. त्याला हे कुलूप लागू नाही. मी तो नियम शोधून काढला आणि त्याला न सांगता फिरवून ठेवला. कुलूप लावलेल्या घरात खिडकीतून शिरावे तसे ते झाले, पण तेव्हा मला ती माया वाटली.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा मेला, आणि उठला तो सगळ्या सामानासह. त्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता आनंदेल.

"तुम्ही केलंत?"

मी हो म्हणालो.

"केव्हापासून?"

मी सांगितले. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे हे पंधरा दिवस मी लिंबूटिंबू होतो. आणि मला माहीतसुद्धा नव्हतं."

त्या पंधरा दिवसांत तो दोनदा राक्षसांच्या किल्ल्यात उतरला होता आणि जिवंत परतला होता. ते धैर्य खरे होते, कारण त्याला काही ठाऊक नव्हते, असे मी त्याला समजावू लागलो. त्याने ऐकून घेतले. पण ते जग त्याने पुन्हा उघडले नाही. दुसरे नवे केले, आणि त्या दिवसापासून मी खोलीत आलो की तो पडद्याकडे एकदा पाहून घेतो.

मी स्वतःला विचारले, गल्लीतला लिंबूटिंबू दुखावत का नसे? कारण सगळ्यांसमोर ठरायचे. त्यालाही माहीत असायचे, आणि एखाद्या वर्षी तो स्वतः येऊन म्हणायचा, आता माझ्यावरही राज्य घ्या. तसे तो म्हणाला की कोणी नाही म्हणत नसे. धाकटीला तिचे शांत जग तिने मागून घेतले होते. मुलाला मी जे दिले ते त्याने मागितले नव्हते, उलट कुलूप लावून नाकारले होते. दोन्ही ठिकाणी सोय तीच, आणि तरी एकीचे घर उभे राहिले व दुसऱ्याचे पाडले गेले. सोपी पद्धत खेळ नासवते काय, असे मला आता कोणी विचारले, तर आधी मी विचारीन की ती कोणी निवडली आणि कोणाला सांगून.

धाकटीचे पुढे काय झाले तेही सांगतो. परवा रविवारी उपासनेहून आल्यावर तिने दादाला बोलावले आणि आपले जग 'ईझी'वर आणून मागितले, फक्त एका रात्रीपुरते. सूर्य मावळण्याआधीच तिने दार लावून घेतले. मग बाहेर गुरगुर सुरू झाली. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली, दादाचा हात धरून, आणि दार तुटेल का, तुटेल का, असे विचारीत राहिली. झोंबी लाकडी दार फोडतात ते फक्त 'हार्ड'मध्ये. 'ईझी'त ते दार कधीच तुटत नाही. मुलाला हे पक्के ठाऊक होते. मी त्याच्याकडे पाहिले तेव्हा त्याने मान हलवली, सांगू नका म्हणून, आणि तिला म्हणाला, "दिवा लाव. आणि सकाळपर्यंत थांब."