डाव नळाचा, वनवास दमयंतीचा

कली बारा वर्षे दबा धरून होता. दमयंतीने देवांना सोडून निषधांच्या नळाला माळ घातली, एवढाच त्या दोघांचा अपराध. पण नेमाने वागणाऱ्या माणसाच्या अंगात शिरायला वाट सापडत नव्हती. एके दिवशी नळाने पाय न धुता संध्या केली आणि तेवढी फट पुरली. कली नळात गेला, द्वापर फाशांत गेला आणि नळाचा भाऊ पुष्कर डाव मांडून समोर बसला. पुढे कित्येक महिने नळ हरत राहिला. प्रजा दाराशी आली, मंत्री आले, दमयंतीने रडून विनवले. तो कोणाकडे बघेना, कोणाशी बोलेना.

महाभारताच्या वनपर्वातली ही कथा आपण प्रेमाचे आख्यान म्हणून ऐकत आलो. रघुनाथ पंडितांपासून मराठीने जीव लावला तो स्वयंवराला आणि हंसाला. मला मात्र ती आपल्याकडची पहिल्या प्रतीची भयकथा वाटते. तिच्यात भूत दिसत नाही, रक्त सांडत नाही. रोजचा ओळखीचा माणूस तिथेच, त्याच आसनावर बसलेला असतो; फक्त त्याच्या हातून होणारे निर्णय त्याचे राहिलेले नसतात. आणि हे सगळे घडते ते फाशांच्या खेळात.

माणूस आतून हळूहळू दुसऱ्याच कोणाचा होत जाणे, या भीतीवर गेली पन्नास वर्षे एक वेगळाच खेळ काम करतो आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसमध्ये त्याविषयी बोलायचे तर पहिल्यापासून सांगावे लागते, म्हणून इथेही सांगते. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे कागद, पेन्सिल आणि स्वतः घडवलेले एक पात्र. एक जण गेममास्टर, म्हणजे सूत्रधार: तो जग उभे करतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते बोलून सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासा पडतो. या खेळात जिंकणे नसते. गोष्ट पुढे जाणे असते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तिथून हा प्रकार रुजला. आपल्याला तो परका वाटण्याचे कारण नाही. विराटपर्वाच्या सुरुवातीला पांडव बसून ठरवतात की, मी कंक होईन, मी बल्लव होईन, मी बृहन्नडा. मला हे हे येते असे सांगेन, कोणी विचारले तर हे उत्तर देईन. खेळाच्या पहिल्या बैठकीत पात्रे घडतात ती अगदी अशीच.

या खेळांची एक शाखा विज्ञान आणि अद्भुत यांची सरमिसळ करते. तिथे अंतराळयाने असतात आणि मंत्रही चालतात; यंत्राला देव मानणारे पुजारी असतात. अशा जगात भय आपोआप येते, कारण माणसाला बदलून टाकणारी शक्ती तिथे हाताशी असते आणि तिची किंमत आधी कळत नाही. १९७८ च्या ‘गामा वर्ल्ड’मध्ये अणुयुद्धानंतरच्या जगात शरीरे बदलतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते मन बदलण्याचे नियम.

१९८७ मध्ये वेस्ट एंड गेम्सने ‘स्टार वॉर्स’चा खेळ काढला. त्यात फोर्स नावाची शक्ती जाणणाऱ्या पात्राने तिचा दुष्ट वापर केला की त्याच्या कागदावर अंधाऱ्या बाजूचा एक गुण चढतो. गुण चढला की सहा बाजूंचा फासा टाकायचा. पडलेली संख्या साठलेल्या गुणांपेक्षा कमी असेल तर पात्र अंधाराकडे गेले. मग सूत्रधार हात पुढे करतो आणि तुमच्या पात्राचा कागद काढून घेतो. तुम्ही महिनोन्‌महिने ज्याला वाढवले, ज्याच्या आवाजात बोललात, तो आता समोरच्या पक्षात उभा असतो आणि तुमच्याच मित्रांवर चालून येतो. खेळाच्या नियमांतून निर्माण झालेले याहून थेट भय मला माहीत नाही. पात्र मेले तर दुःख होते. इथे ते जिवंत असते आणि आपले नसते. पुष्करासमोर बसलेला नळ दाराआडून पाहणाऱ्या दमयंतीला हेच वाटले असेल.

त्याआधी, १९८१ मध्ये, सँडी पीटरसन यांनी ‘कॉल ऑफ क्थुलू’ रचला होता. त्यात पात्राच्या शहाणपणाचे गुण मोजतात. भयानक काही पाहिले की ते घटतात. त्यातली खरी मेख वेगळी आहे: विश्वाच्या मुळाशी असलेल्या भीषण सत्याचे ज्ञान जितके वाढेल तितकी त्या गुणांची कमाल मर्यादाच खाली येते. ज्याला सर्वात जास्त कळते तोच सर्वात जास्त मोडलेला. कल्पना जबरदस्त आहे, पण मला तिच्याविषयी कायम अस्वस्थता वाटते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले, तिथे राहणाऱ्या माणसाला मन मोडणे हा पराभवाचा आकडा म्हणून वाचता येत नाही. मन मोडणे वेगळे आणि मन सडणे वेगळे. पहिल्याला आधार लागतो, दुसऱ्याला जाब विचारावा लागतो. भयाच्या कित्येक खेळांनी या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात घातल्या.

ग्रेग स्टोल्झ आणि जॉन टाइन्स यांच्या १९९८ च्या ‘अननोन आर्मीज’ने हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला. त्यांनी मनाला बसणाऱ्या धक्क्यांचे पाच प्रकार केले: हिंसा, अतर्क्य, असहायता, एकटेपण आणि स्वतःविषयीचा भ्रमनिरास. प्रत्येकात दोन बाजूंनी खुणा वाढतात. धक्का सोसला नाही तर एक खूण, आणि सोसला, काहीच वाटले नाही, तरीही एक खूण, दुसऱ्या बाजूला. म्हणजे निबर होणे ही शाबासकी नव्हे, तेही नुकसानच, हे या खेळाने कागदावर आणले. हिंसेची सवय झालेले पात्र घाबरत नाही, पण हळूहळू ते माणसांत राहण्याजोगेही उरत नाही. वर्तमानपत्रातल्या कोणत्या बातमीपाशी आपण थांबेनासे झालो आहोत, हे ज्याने त्याने तपासून पाहावे.

‘व्हॅम्पायर’ (१९९१) माणुसकीचा आकडा घसरवतो. ‘वॉरहॅमर’च्या जगावरचा ‘डार्क हेरसी’ (२००८) भ्रष्टतेचे गुण शंभरापर्यंत मोजतो आणि शंभराला पात्र हातचे जाते. यांत मला रस आहे तो एवढ्यापुरताच की नुसती शिक्षा देणारा नियम फिका पडतो; आधी काहीतरी देणारा नियम पकड घेतो. ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये दुष्कृत्य केले तर अंधारातल्या शक्ती कधी कधी प्रतिसाद देतात, आणि शापासोबत एखादे सामर्थ्यही देऊन जातात. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ चित्रपटात (२०१८) विनायक हस्तर नावाच्या शापित देवाच्या गर्भगृहात उतरतो आणि दर खेपेला सोन्याची नाणी घेऊनच वर येतो. प्रत्येक खेप फायद्याची असते, म्हणूनच पुढची खेप होते. नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला ही वाट लगेच ओळखू येते. धारपांच्या कथांत मात्र बऱ्याचदा ‘समर्थ’ हे त्यांचे पात्र धावून येते. विनायकासाठी कोणी येत नाही. त्याचा मुलगा शेवटी नाणी नाकारतो, तेवढेच.

आता आपल्या मातीकडे येते, कारण इथे हे खेळ मांडायचे तर एका गोष्टीला बगल देता येणार नाही. आपल्याकडचे भय बहुतेक वेळा बाहेरून आलेले असते. कोणी करणी केली, कोणाची नजर लागली, भानामती झाली. मग ‘कोणी’चा शोध सुरू होतो आणि तो पुष्कळदा एखाद्या एकट्या बाईच्या दारात संपतो. अशा अंधश्रद्धांविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. कोणाला करणी करणारा ठरवून छळणे हा त्यात गुन्हा आहे. मराठीत भयाचा खेळ लिहिणाऱ्याने हा कायदा समोर ठेवूनच लिहावे असे मला मनापासून वाटते. टेबलावरची चेटकीण ही गंमत आणि गावातली चेटकीण हा मार, एवढे अंतर आपल्याकडे अजून पडलेले नाही. परदेशी टेबलांवर जॉन स्टावरोपोलस यांची एक्स-कार्डाची रीत चालते: फुली मारलेले एक कार्ड मध्ये ठेवायचे, कोणीही त्याला बोट लावले की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचे नाही. ती रीत आपण जशीच्या तशी घ्यावी.

अधःपतन मोजणाऱ्या खेळांचे मोठेपण मला इथेच दिसते. ते भय शेजारणीच्या दारातून उचलून माझ्या कागदावर आणून ठेवतात. खूण कोणी केली? मी केली, माझ्याच पेन्सिलीने. ‘अंगात आले होते’ म्हणायची सोय राहत नाही.

नळाने मात्र तेच म्हटले. पुनर्भेटीत तो दमयंतीला सांगतो की राज्य गेले, तुला टाकले, ते मी केले नाही, कलीने केले. हे उत्तर पुरेसे आहे का? कथा स्वतःच त्यात खोच ठेवते. सगळे हरल्यावर पुष्कर हसून म्हणतो, आता दमयंतीला पणाला लाव. कली अंगात असलेला नळ उत्तर देत नाही. अंगावरचे दागिने उतरवतो आणि चालू लागतो. बृहदश्व ऋषी ही कथा सांगतात ती कोणाला? युधिष्ठिराला. ज्याच्या अंगात कोणताच कली नव्हता आणि ज्याने द्रौपदीला पणाला लावले, त्याला. झपाटलेल्या माणसाने पाळलेली मर्यादा शुद्धीवरच्या धर्मराजाने ओलांडली होती. युधिष्ठिराने ऐकताना मान खाली घातली की नाही, हे व्यास सांगत नाहीत.

रानात फासेच पाखरे होऊन येतात आणि नळाचे वस्त्र घेऊन उडतात. दोघांत एकच लुगडे उरते. ती झोपल्यावर तो त्यातले अर्धे कापतो, निघतो, परत येतो, पुन्हा निघतो. यानंतरचा नळ आपल्याला माहीत आहे: कर्कोटक नागाच्या दंशाने तो बाहुक होतो आणि अयोध्येत ऋतुपर्ण राजाचा सारथी म्हणून राहतो. विदर्भाकडे रथ हाकताना वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण त्याची पाने-फळे क्षणात मोजून दाखवतो, नळ उतरून पडताळतो. जुन्या काळी फासे म्हणजे बेहड्याची फळेच. मूठभर उचलायची, चाराने भागायची आणि बाकी एक उरली तर ते हरण्याचे दान, त्याचेच नाव कली. वीस बाजूंच्या फाशावर एक पडला की आजचा खेळाडूही कपाळाला हात लावतो. ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, मिळताच कली कर्कोटकाचे विष ओकत नळातून बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो. आमच्या यवतमाळच्या सागवानी रानांत बेहडा आजही आहे.

आज हे टेबलावर खेळले असते तर इथे खेळ संपला असता. भ्रष्टतेचे गुण शून्य, पात्र परत खेळाडूच्या हाती. पण महाभारत पुढे जाते. बरा झालेला, शुद्ध झालेला नळ पुष्करापुढे पुन्हा बसतो आणि आपल्या बाजूने पण लावतो: माझी सगळी कमाई आणि दमयंती.

कली असताना जे केले नाही ते कली गेल्यावर केले. तो डाव नळ जिंकतो, पुष्कराला क्षमाही करतो, आणि या ओळीपाशी फारसे कोणी थांबत नाही. मी थांबते, कारण दमयंती आमच्या विदर्भाची. कुंडिनपूर, आजचे वर्धेकाठचे कौंडण्यपूर, हे तिचे माहेर. रानात तिला अजगराने धरले, सोडवणाऱ्या पारध्यानेच तिच्यावर हात टाकायचा प्रयत्न केला, ज्या तांड्याबरोबर निघाली तो हत्तींनी तुडवला. चेदीच्या राजवाड्यात तिने अनोळखी बनून दिवस काढले. नळाच्या आत कलीला जाळत होता तो कर्कोटकाच्या विषाइतकाच तिचा शाप. माहेरी येऊन तिने दूत धाडले, दुसऱ्या स्वयंवराची युक्ती रचली, बाहुकाच्या हातचे अन्न मागवून चाखले आणि मुले त्याच्याकडे पाठवून परीक्षा घेतली. कथेचा उत्तरार्ध तीच सूत्रधारासारखी चालवते.

अधःपतन मोजणारे जे खेळ मी इथे सांगितले ते सगळे करणाऱ्याचा आत्मा मोजतात. त्याची माणुसकी किती उरली, तो किती सडला, परत येईल का. ज्याला टाकले, ज्याचे गाव जाळले, जिला पणाला लावले, त्यांच्यासाठी कागदावर रकाना नाही. पापाच्या हिशेबातही मध्यभागी पापीच बसतो. म्हणून नळ शून्यावर येऊ शकतो, त्यानंतर दमयंतीला पणाला लावू शकतो आणि त्याचा कागद कोराच राहतो.

मराठीत असा खेळ कोणी लिहिला, तर त्यात मला एक नियम हवा आहे. अंतराळयानांचा असो की रानाचा, पात्राने शक्तीच्या मोहात कोणाला सोडले, फसवले, गहाण टाकले, की खूण त्याच्या कागदावर चढेल, पण पुढचा प्रसंग त्याचा नसेल. सूत्रधार शेजारच्या खेळाडूला नवा कागद देईल. त्यावर टाकलेल्या माणसाचे नाव लिहायचे, त्याला काय येते ते लिहायचे, आणि तो रानातून कसा बाहेर पडतो ते खेळायचे. खूण पुसायचा अधिकार फक्त त्या दुसऱ्या कागदाला. ती व्यक्ती समोर येईल, एक प्रश्न विचारेल आणि पहिल्या खेळाडूने पात्राच्या आवाजात उत्तर द्यायचे. ‘कलीने केले’ हे उत्तर चालणार नाही. उत्तर पटले की नाही, ते ठरवायला फासा टाकायचा नाही. दुसऱ्या कागदाच्या मालकिणीने सांगायचे. आणि तिने नाही म्हटले तर खेळ तिच्या कागदावरून पुढे चालू ठेवायचा.