बंदुकीवरची पाणसळ

दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची नळी, आत पोपटी द्रव, त्यात एक बुडबुडा आणि नळीवर दोन काळ्या रेघा. गवंड्याच्या हातातल्या पाणसळीचं हे पिल्लू, म्हणजे लेव्हल, लांब पल्ल्याचे नेमबाज रायफलच्या दुर्बिणीवर बसवतात. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये असला की रायफल डावी-उजवीकडे कललेली नाही असं समजायचं. त्याची खरोखर गरज आहे का, यावर नेमबाजांत दोन तट आहेत. एक म्हणतो, लेव्हल नसेल तर लांबचा नेम नशिबावर सोडल्यासारखा. दुसरा म्हणतो, चाप ओढताना बुडबुड्याकडे बघायला सवड कोणाला आहे? मी दहा मीटरवर एअर रायफल चालवतो, तोही जिल्हा पातळीच्या पुढे न गेलेला माणूस. तरी या वादात मला मनापासून रस आहे. आपण सरळ उभे आहोत असं अंगाला वाटतं, त्या वाटण्यावर किती विसंबायचं, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मला सरावाला उभं राहिलं की रोज भेटतो.

रायफल कलली तर बिघडतं काय, हे आधी पाहू. उंच फांदीवरचा आंबा पाडायचा तर दगड आंब्याच्या थोडा वर रोखून मारावा लागतो, हे गावातल्या कुठल्याही पोराला कळतं. गोळीचंही तेच. ती नळीतून सुटल्या क्षणापासून खाली येऊ लागते, म्हणून नळीचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर धरलेलं असतं. रायफल सरळ असेल तर ही उचल सगळी वर जाते आणि गुरुत्वाकर्षण ती नेमकी फेडून टाकतं. रायफल उजवीकडे कलली की त्या उचलीतला थोडा वाटा उजवीकडे जातो. पृथ्वी मात्र गोळीला सरळ खालीच ओढते. उजवीकडे गेलेला तो वाटा फेडायला कोणी नसतं, आणि गोळी उजवीकडे, जराशी खाली लागते.

किती उजवीकडे, हे गोळी वाटेत किती खाली येते त्यावर ठरतं. एका अंशाच्या कलाला त्या घटीचा सुमारे 57वा भाग. एअर रायफलचा छर्रा दहा मीटरमध्ये जेमतेम 17 मिलिमीटर खाली येतो, म्हणजे एका अंशाला 0.3 मिलिमीटरची चूक. हसण्यावारी नेण्यासारखा आकडा वाटतो. पण आमच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. 50 मीटरवर पॉइंट टू-टू रायफलची गोळी सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. तिथे एक अंश म्हणजे दोन मिलिमीटर, अडीच दशांश गुण.

आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची ती ऑलिंपिक फायनल आठवा. 1 ऑगस्ट 2024, फ्रान्समधलं शातोरू, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स. 44 गोळ्यांत 451.4 गुण आणि कांस्यपदक. गोळीमागे सरासरी 10.26 पडतात. म्हणजे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून मारलेल्या त्याच्या गोळ्या लक्ष्याच्या केंद्रापासून सरासरी पाच-साडेपाच मिलिमीटरवर लागल्या. जिथे सगळा खेळ पाच मिलिमीटरचा आहे, तिथे दोन मिलिमीटर ही मोठी गोष्ट झाली.

मग ऑलिंपिकचे नेमबाज रायफल ओळंब्यात धरत असतील, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांच्यातले कितीतरी जण ती मुद्दाम कलती धरतात. नवख्या पोरांना रेंजवर पहिल्यांदा सांगतात ते हेच, की डोकं रायफलकडे नेऊ नकोस, रायफल डोळ्याकडे आण. मान वाकली की कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र गोंधळतं, मानेचे स्नायू थकतात आणि डोळा साइटमधून तिरका बघू लागतो. त्यापेक्षा मान ताठ ठेवून रायफल चेहऱ्याकडे चार-पाच अंश कलती करावी आणि त्या कलातच साइट झिरो करून, म्हणजे गोळी नेमावर लागेल अशी जुळवून घ्यावी. अंतर बदलत नसल्यामुळे कलाची चूकही बदलत नाही, आणि न बदलणारी चूक साइटच्या थोड्या क्लिकांत काढून टाकता येते. तिथे सगळी काळजी एकाच गोष्टीची घ्यायची असते. पहिल्या गोळीला होता तोच कल चाळिसाव्या गोळीलाही असला पाहिजे.

अंतर बदललं की मात्र हा हिशेब कोसळतो. अमेरिकेत प्रिसिजन रायफल सिरीजच्या स्पर्धा होतात. तिथे लोखंडी पाट्या कधी 300 यार्डांवर तर कधी 1000 यार्डांवर असतात. दीड-दोन मिनिटांत खडकावरून, टायरवरून, तिरक्या लाकडी कठड्यावरून गोळ्या मारायच्या. 300 यार्डांवर जो कल खपून जातो, तोच 1000 यार्डांवर पाटी चुकवतो. पॉइंट थ्री-झिरो-एट रायफलची गोळी तिथे पोचेपर्यंत साधारण दहा मीटर खाली आलेली असते, म्हणून एका अंशाला 17 सेंटिमीटर आणि तीन अंशांना अर्धा मीटर. आणि तीन अंश कलणं अगदी सोपं आहे. डोंगराचा उतार डावीकडून उजवीकडे जात असेल तर डोळा त्या उतारालाच क्षितिज मानतो, आणि रायफल नकळत त्याच्याशी जुळवून घेते. नेमबाजाला तेव्हा शपथेवर वाटत असतं की आपण सरळ आहोत.

लेव्हल नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की वाऱ्यापुढे हे सगळं किरकोळ आहे. ताशी दीड किलोमीटर वारा ओळखायला चुकला तरी हजार यार्डांवर जवळजवळ एका अंशाच्या कलाएवढी चूक होते, आणि वारा ओळखण्यात त्याहून मोठ्या चुका रोज होतात. हे खरं आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. वाऱ्याचा अंदाज कधीच पुरता बरोबर येणार नाही. कल मात्र क्षणभर नजर टाकून शून्यावर आणता येतो. शिवाय दोन्ही चुका गोळीला आडवीच सरकवतात. गोळी उजवीकडे लागली तर वारा चुकला की हात, हे कळणार कसं? कल ठाऊक नसेल तर नेमबाज वाऱ्याला दोष देतो, पुढच्या गोळीला वाऱ्याची सुधारणा करतो आणि आधीच्या चुकीवर दुसरी चढवतो. माझ्या लेखी लेव्हलचं मोल इथे आहे. शंकेची एक जागा ती बंद करते.

हे जुन्या लोकांना चांगलं उमगलं होतं. 1874च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर इथे आयर्लंड आणि अमेरिका यांचा 800, 900 आणि 1000 यार्डांचा सामना झाला. अमेरिका 934 विरुद्ध 931 अशी जिंकली. मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने एक गोळी अचूक मारली खरी, पण शेजारच्या लक्ष्यावर, आणि ती शून्य धरली गेली. त्या दशकातल्या क्रीडमूर रायफलींच्या पुढच्या साइटवर इवलीशी पाणसळ बसवलेली मिळत असे. दुर्बिणीशिवाय हजार यार्ड मारणाऱ्या माणसांनाही स्वतःच्या सरळपणासाठी बाहेरचा साक्षीदार लागत होता.

साक्षीदार खरा बोलतो का, हे मात्र आधी तपासावं लागतं. मित्राच्या एअर रायफलवर दुर्बीण चढवत होतो तेव्हाची गोष्ट. घराच्या बोळात दहा पावलांवर दोरी सोडली, टोकाला जुनं कुलूप बांधलं आणि ते झुलू नये म्हणून पाण्याच्या बादलीत बुडवलं. दुर्बिणीतली उभी रेघ दोरीशी जुळवायची आणि मग लेव्हल घट्ट करायची, असा बेत होता. पण रेघ दोरीवर तंतोतंत बसली तरी बुडबुडा एका कडेला. आम्ही दुर्बीण सैल करून पुन्हा बसवली, तरी तेच. शेजारचे गवंडी मामा दारातून बघत होते. म्हणाले, "अरे, आधी तिला फिरवून ठेव बघू. उलटसुलट दोन्हीकडून एकच सांगते का?" खिडकीच्या कट्ट्यावर लेव्हल ठेवली, मग टोकं बदलून ठेवली. दोन वेळी दोन उत्तरं. आतली नळीच वाकडी बसली होती. आम्ही मात्र पाऊण तास दोरीवर संशय घेत होतो.

त्या मोडक्या लेव्हलचं मी पुढे काय केलं, ते सांगतो. ती मागून घेतली आणि घरच्या सरावासाठी माझ्या रायफलवर बसवली. सरळ बसवली नाही. माझा कल चेहऱ्याकडे, डावीकडे असतो. त्या कलात बुडबुडा मधोमध दिसेल अशी ती आवळली. वाकडी आहे तर असू दे, रोज तेवढीच वाकडी राहिली की माझं काम भागतं. सराव असा करतो: डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, दोन श्वास घ्यायचे, मग डोळे उघडून आधी बुडबुडा बघायचा आणि नंतर लक्ष्य. सुरुवातीला दहांत चार-पाच वेळा तो बाहेर असायचा. आता पहिल्या तीसेक वेळांना क्वचितच असतो. चाळिसावी वेळ ओलांडली की तो हळूहळू उजव्या रेघेला टेकू लागतो. रायफल आणखी चेहऱ्याकडे झुकलेली असते, आणि हातात अजून थकव्याचं चिन्हही नसतं. मी तिथे थांबतो, रायफल स्टँडवर ठेवतो आणि पाणी पिऊन येतो.