तवक्कुल आणि पायवाट

आम्हा भोंगवलीकरांना भोरचे डोंगर परके नाहीत. राजगडाच्या संजीवनी माचीवरून १४०३ मीटर उंच तोरण्याकडे जाताना गुरांच्या वाटा मुख्य वाटेत मिसळतात. धुक्यात खरी वाट उमगत नाही. तेव्हा ‘अल्लाहवर भरवसा’ म्हणून पुढे रेटणे, हे तवक्कुल का?

आम्हांला तसे वाटत नाही. बीबी हाजरा वाळवंटात तान्ह्या बाळासह एकट्या होत्या. अल्लाह वाऱ्यावर सोडणार नाही, हा यकीन होताच. तरी त्या सफा-मरवादरम्यान सात वेळा धावल्या. पाणी लाभले ते मात्र बाळापाशी. म्हणजे धडपड ही भरवशातली उणीव नव्हे, त्याचीच रीत.

शिवाय वाट चुकलेल्याला शोधायला गावचीच माणसे दरीत उतरतात. आपल्या भरवशापायी त्यांचा जीव पणाला का लावावा? वाट विचारणे हीही इबादतच.