न निवडलेल्यांची मोजणी

हिंगणघाटात विल्यम लँबटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ रेघ साखळीनं मोजून त्यानं हिंदुस्थान मोजायला घेतला. त्या एका रेघेवरून एकापुढे एक त्रिकोण रचत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला, आणि हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी इथं त्याचा जीव गेला. पुढचं काम त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं आणि जगातल्या सगळ्यात उंच शिखराला नाव मिळालं ते एव्हरेस्टचं. लँबटनच्या वाट्याला हिंगणघाट आलं.

या माणसाची एक सवय मला फार महत्त्वाची वाटते. त्रिकोणांचं गणित करत करत तो मद्रासहून बंगळुरूला पोचला, तेव्हा तिथं त्यानं पुन्हा एक रेघ प्रत्यक्ष जमिनीवर मोजली. गणित काय सांगतं आणि जमीन काय सांगते, हे शेजारी ठेवून पाहिलं. सात मैलांच्या रेघेत फरक निघाला तो काही इंचांचा. म्हणजे आपलं माप चुकलंय का, हे कळायची सोय त्यानं मापाच्या आतच करून ठेवली होती.

आता कबड्डीकडे येऊ.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. मधल्या नऊ वर्षांत मातीवरचा, गावजत्रेतला हा खेळ टीव्हीवर भाव फुटणारी गोष्ट झाला. कॉलेजच्या पोरांसाठीही दार उघडलं. २०२२ च्या लिलावाच्या यादीत खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या पहिल्या दोन संघांचे २४ खेळाडू घेतले गेले. शिवाय संघ ‘न्यू यंग प्लेअर्स’ म्हणून नवी पोरं आपापली शोधून उचलतातच. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९३६ पासून चालत आलेली कॉलेज ड्राफ्टची पद्धत आहे, तिचाच हा आपला देशी, धाकटा भाऊ.

तेव्हा प्रश्न आता फक्त अमेरिकेचा राहिलेला नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चढाई करणाऱ्या पोराकडे कुणीतरी वही घेऊन बघतो आणि मनात ठरवतो: हा होईल, हा होणार नाही. हे ठरवण्याचा अधिकार त्याला कुठून येतो? आणि ठरवून झाल्यावर तो त्या पोराचं काही देणं लागतो का?

पहिल्या प्रश्नाचं सोपं उत्तर आहे: पैसा त्याचा, जोखीम त्याची, निवड त्याची. हे उत्तर चूक नाही. कुठल्याही संघमालकावर कुणाला घ्यायची सक्ती करता येणार नाही. पण या उत्तरात एक गोष्ट लपून राहते. इथं जोखीम एकट्या मालकाची नसते. त्या पोरानं पाच वर्षं पहाटे उठून गुडघे फोडून घेतलेले असतात, घरच्यांनी दूध-अंड्यांचा खर्च काढलेला असतो, कॉलेजातले तास बुडालेले असतात. मालकाचा एक खेळाडू फसला तर पुढच्या हंगामात दुसरा मिळतो. पोराला दुसरं एकोणिसावं वर्ष मिळत नाही.

२०२२ चाच हंगाम घ्या. तमिळ थलैवाज संघानं पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. तोवरची ती सगळ्यात मोठी बोली होती. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. आता संघ बुडाला, असंच सगळ्यांना वाटलं. पण नरेंदर कंडोला नावाच्या नवख्या पोरानं त्या हंगामात चढायांवर २४० हून जास्त गुण काढले आणि थलैवाज उपांत्य फेरीपर्यंत गेले.

ही गोष्ट सांगणारे सहसा इथं थांबतात आणि म्हणतात, बघा, गुणवत्ता वर येतेच. मला यातून उलटं दिसतं. पवनचा गुडघा शाबूत राहिला असता, तर नरेंदरला इतक्या चढाया मिळाल्या असत्या का? त्याच्या अंगातली ताकद तीच राहिली असती, फक्त आपल्याला ती कदाचित दिसली नसती. आणि बाकी संघांच्या बाकांवर त्या हंगामात आणखी किती जण बसून होते, ज्यांच्या पुढच्याचा गुडघा गेला नाही?

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली ‘नैतिक नशीब’ या कल्पनेवर निबंध लिहिले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: माणसाला आपण त्याच्या हातात असलेल्या गोष्टींवरून जोखावं असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात जोखतो ते घडलेल्या परिणामावरून, आणि परिणामात नशिबाचा वाटा मोठा असतो. हे निवडणाऱ्यालाही लागू होतं. नरेंदरला संघात घेणारा आज दूरदृष्टीचा ठरतो. पवन खेळत राहिला असता तर त्याच माणसाच्या त्याच निर्णयाची कुणी दखलही घेतली नसती.

निवडीच्या धंद्यात लँबटनची दुसरी रेघ नाही, ही खरी अडचण. ज्याला घेतलं तो खेळतो, त्यामुळे अंदाज चुकला की बरोबर आला हे कळतं. ज्याला घेतलं नाही, त्याचं काय झालं असतं हे कधीच कळत नाही. तो गावी परततो, दुकान टाकतो, कुठे ड्रायव्हर होतो. त्याची पुन्हा मोजणी होत नाही. म्हणून निवडणाऱ्याच्या चुकांपैकी अर्ध्याच चुका त्याला दिसतात, आणि तो स्वतःला आहे त्यापेक्षा हुशार समजत राहतो. टॉम ब्रेडीची गोष्ट जगभर सांगतात: २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ वा निवडला गेला आणि पुढे सात वेळा विजेता झाला. पण १९९ वा म्हणजे अखेर निवडला गेलेलाच. त्या वर्षी नाव पुकारलंच गेलं नाही अशांमध्ये कोण होतं, याची गोष्ट कोण सांगणार?

आपल्याकडची ब्रेडी-कथा म्हणजे उमेश यादव. नागपूरजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. पोलीस भरतीत दोन गुणांनी हुकला. विसाव्या वर्षापर्यंत लेदर बॉलनं नीट गोलंदाजी केलेली नव्हती. २०११ साली कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. विदर्भात ही गोष्ट प्रत्येक पोट्ट्याला पाठ आहे आणि ती नेहमी हिंमत द्यायला सांगितली जाते. सांगावीही. पण शांतपणे पाहिलं तर ती चाळणीविरुद्धचा पुरावा आहे. वयोगटाच्या क्रिकेटमधून तो वर आलाच नव्हता. म्हणजे त्या सगळ्या चाळण्यांच्या भोकांतून गळून गेलेला माणूस कुणाच्या तरी नजरेनं शेवटच्या क्षणी झेलला गेला.

आणि पोलीस भरतीचे ते दोन गुण! आणखी दोन मिळाले असते तर भारताला एक वेगवान गोलंदाज मिळाला नसता आणि पोलिसांना एक चांगला शिपाई मिळाला असता. त्यात कुणाचं काय वाईट झालं असतं, हाही प्रश्नच आहे. शिपायाची नोकरी ही काही शोकांतिका नाही.

हिंगणघाटच्या रस्त्यांवर, विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यासारखीच, पहाटे धावणारी पोरं दिसतात. बहुतेकांचं लक्ष्य भरती. तिथलं माप सगळ्यांना माहीत असतं. पुरुषांसाठी उंची १६५ सेंटीमीटर, छाती ७९ आणि फुगवून पाचनं जास्त. १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. कुणीही वहीत लिहून रोज स्वतःला तपासू शकतो. नापास झाला तर कुठे झाला हे कळतं. या मापाची ताकद अशी की ते कुणाचं तोंड बघत नाही. उणीव अशी की ते कुणाचं तोंडच बघत नाही. डोळ्यांसमोर उमेश यादव उभा असला तरी त्याला फक्त सेकंद आणि मीटर दिसतात.

लिलावातलं माप उलट. अनुभवी प्रशिक्षक पोराचा पाय बघतो, चढाईला जाताना त्याची नजर कुठे असते ते बघतो, पकड फसल्यावर तो उठतो कसा ते बघतो. यात खरं ज्ञान आहे, थट्टा करायची गोष्ट नाही. पण या नजरेला कुणी जाब विचारू शकत नाही. ‘पोरात दम नाही’ म्हटलं की संपलं. कुठला दम, किती कमी, कशानं वाढेल, काही नाही. त्या नजरेत ओळखीचा कोच, आडनाव, बोलण्याची ढब, हरियाणाच्या पोरांबद्दलचा आधीचा समज, हे सगळं मिसळलेलं असतं आणि बघणाऱ्याला स्वतःलाही ते वेगळं काढता येत नाही.

न्यायी पण आंधळं माप हवं, की डोळस पण बेजबाबदार? दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, असं म्हणून सुटता येतं. पण मध्ये म्हणजे कुठे?

माझं उत्तर शेजारच्या बाजार समितीत आहे. हिंगणघाट हे कापसाचं गाव. एकेकाळी इथल्या कापसाला इथल्याच नावानं ओळखत. आजही यार्डात शेतकऱ्याचा कापूस बघायला ग्रेडर येतो. मुठीत धरतो, धागा ओढून लांबी बघतो, ओलावा मोजतो. सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. शेतकरी आणि ग्रेडरचं जमतं असं नाही, दर हंगामात भांडणं होतात. पण भांडता येतं, हाच मुद्दा आहे. ओलावा जास्त आहे म्हटलं तर शेतकरी म्हणतो, दाखवा मशीन. पटलं नाही तर कापूस वाळवून पुन्हा आणतो. नजर ग्रेडरचीच, पण ती एका आकड्याला आणि एका कारणाला बांधलेली असते.

कापसाला जे कारण मिळतं, ते कॉलेजच्या पोराला मिळत नाही. शिबिराला बोलावतात, चार दिवस पळवतात, व्हिडिओ काढतात, वजन-उंची लिहून घेतात, आणि मग फोन येत नाही. फोन न येणं हाच निकाल. माझ्या मते इथं देणं तयार होतं. ज्या पोराला तुम्ही कधी बघितलंच नाही त्याचं तुम्ही काही लागत नाही. पण ज्याला बोलावून मोजलंत, त्याच्याकडून तुम्ही काहीतरी घेतलंत: त्याचे दिवस, त्याची माहिती, त्याची आशा. ती मोजणी त्याला परत द्यायला हवी. पकडीत तुझा घोटा उशिरा वळतो, वजन चार किलो कमी आहे, या जागी आमच्याकडे आधीच तिघं आहेत. या शेवटच्या कारणात तर त्याचा काही दोषच नाही, आणि तेच त्याला कुणी सांगत नाही.

यावर आक्षेप येईल की इतक्या पोरांना कारणं कोण लिहीत बसणार? पण शिबिरात टिपणं काढलेलीच असतात. प्रश्न हाताचा नाही. लेखी कारण दिलं की उद्या ते चुकीचं ठरू शकतं. तीच तर हरवलेली दुसरी रेघ. नाकारलेल्या पोराचं कारण लेखी असेल, तरच दोन वर्षांनी तो दुसऱ्या संघातून तुमच्यावर चढाई करेल तेव्हा तुम्हाला कळेल की आपण कुठे चुकलो.

कापूस आणि पोरगं यांत एक फरक मात्र कुठल्याही पद्धतीनं मिटत नाही. ओलावा मोजल्यानं कापूस बदलत नाही. पोरगं बदलतं. ज्याला वीस लाख म्हटलं तो वीस लाखांसारखा चालायला लागतो आणि ज्याला कुणी उचललं नाही तो पुढच्या सामन्यात बोनसची रेघही भीत भीत ओलांडतो. कांट म्हणे की काही गोष्टींना किंमत असते आणि काहींना प्रतिष्ठा, आणि माणूस दुसऱ्या प्रकारातला आहे. लिलावात किंमत खेळाची लागते, माणसाची नाही, असं आपण म्हणू शकतो. पडद्यावर मात्र खेळाचा फोटो नसतो, माणसाचा असतो.

आणि किंमत परत खालीही येते. परदीप नरवाल, ‘डुबकी किंग’. एका हंगामात चढायांचे ३६९ गुण, पाटण्याला सलग तीन विजेतेपदं, कारकिर्दीत १८०० हून जास्त गुण. २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाखांची विक्रमी बोली. २०२४ मध्ये ७० लाख. २०२५ च्या लिलावात त्याचं नाव पुकारलं गेलं आणि कुणीच हात वर केला नाही. त्यानं निवृत्ती जाहीर केली. इतका मोठा खेळाडू असूनही त्याला त्या दिवशी मिळालेलं उत्तर तेच होतं, जे एखाद्या तालुक्याच्या पोराला न आलेल्या फोनमधून मिळतं.

राहतो तो कोच, ज्याच्याकडे सरावानंतर एखादं पोट्टं थांबतं आणि विचारतं, सर, माझं होईल का? होईल म्हणणं सोपं, नाही म्हणणं त्याहून सोपं. दोन्हींत त्याला जे माहीत नाही ते सांगितलं जातं. त्याला माहीत असतं ते एवढंच: या पोराचा डावा कोपरा चांगला आहे, श्वास कमी पडतो, आणि यंदा त्याला चार मोठे सामने मिळाले तर मिळाले. हे तो जसंच्या तसं सांगू शकतो. आणि भरतीचा फॉर्म निघाला असेल तर तोही भर म्हणू शकतो, कारण त्याची शेवटची तारीख निदान छापलेली असते.