शर्टावरचं नाव

हुबळीच्या कमरीपेठेत लहानपणी रस्त्यात कुणी अडवलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "नी यार मगळ?" कुणाची गं तू? वडिलांचं नाव सांगितलं की पुढचं सगळं सुरळीत व्हायचं. दुकानदार वहीत मांडून सामान द्यायचा, अंधार पडला असेल तर कुणीतरी घरापर्यंत सोडायला यायचं. घरात मराठी, दारात कन्नड, बाजारात दख्खनी हिंदी. तिन्ही भाषांत मी अमक्यांची मुलगी होते, आणि त्यात मला फार सुरक्षित वाटायचं.

इथून साठेक किलोमीटरवरच्या गदगमध्ये एक मुलगा होता. भजनाची दिंडी दिसली की तिच्यामागे निघायचा आणि दमला की वाटेत कुठेही झोपून जायचा. शिक्षक असलेल्या वडिलांनी अखेर त्याच्या शर्टांवरच लिहून ठेवलं, 'जोशी मास्तरांचा मुलगा'. झोपलेलं पोर ज्याला सापडेल तो ते वाचून घरी आणून सोडे. हाच मुलगा 1933 साली, अकराव्या वर्षी, गायक अब्दुल करीम खाँच्या ध्वनिमुद्रिकेनं झपाटून गुरूच्या शोधात घर सोडून गेला. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर, दिल्ली, कोलकाता, शेवटी जालंधर. तिकिटाला पैसे नसत, डब्यात गाऊन दाखवत प्रवास चाले. गायक भीमसेन जोशींची ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला मात्र तो शर्ट आठवत राहतो. ग्वाल्हेरात जोशी मास्तर कुणाला ठाऊक असणार? तिथे त्या अक्षरांचा काही उपयोग नव्हता. तिथे उपयोगी पडणार होता तो त्याचा गळा, आणि अनोळखी माणसासमोर उभं राहून 'मला शिकवा' म्हणण्याचं धाडस.

मी पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा एकवीस वर्षांची होते. जबलपूरला जायचं होतं, भेडाघाट पाहायला. इटारसीला रात्री उतरले तर पुढची गाडी चार तास उशिरा. थंडी मरणाची. आणि प्रश्न अगदी साधा होता: बाथरूमला जायचंय, बॅग कुणाकडे ठेवू? ज्यानं एकट्यानं प्रवास केलाय त्याला हा प्रश्न चांगला माहीत असतो. फलाटावरचा एकेक चेहरा मी निरखला. बाकावर एक म्हातारी बसली होती, पायाशी दोरीनं बांधलेली पत्र्याची ट्रंक, मांडीवर झोपलेला नातू. त्याच्या पायातला मोजा निसटला होता आणि ती झोपमोड न करता तो हळूहळू वर ओढत होती. तो मोजा पाहून मी ठरवलं. बॅग तिच्याजवळ ठेवली, धावत गेले, धावत आले. बॅगेवर तिनं स्वतःची शाल टाकली होती, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. "कहाँ की हो?" तिनं विचारलं. हुबळी म्हटलं तर कळेना. "मद्रास की तरफ?" मी बरं म्हटलं. तिनं डब्यातून पुरी आणि लोणचं काढून दिलं. कुणाची मुलगी, हे गाडी येईपर्यंत तिनं विचारलंच नाही.

आयुष्यात पहिल्यांदा कुणावर विश्वास ठेवायचा हे मी स्वतः ठरवलं होतं. तोवर हा निर्णय गल्लीनं घेतलेला असे. मोठं होणं मी यालाच म्हणते. भेडाघाट सुंदर आहे, पण तो मला आता धूसर आठवतो. मोजा स्पष्ट आठवतो.

भीमसेनांच्या गोष्टीचा शेवट लोक जरा घाईनं उरकतात. जालंधरला गायक विनायकबुवा पटवर्धनांनी त्यांना सांगितलं की गुरू तर तुझ्या घराजवळच आहेत, कुंदगोळला, सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. आणि ते अब्दुल करीम खाँचेच शिष्य. यावर 'काखेत कळसा नि गावाला वळसा' असं म्हणून लोक मोकळे होतात. मला हे पटत नाही. 1936 साली रामभाऊ कुंदगोळकरांच्या दारात जो मुलगा उभा राहिला तो गदगहून पळालेला मुलगा उरला नव्हता. आपल्याला काय हवंय आणि त्यासाठी काय सोसायचं, हे त्याला ठाऊक झालं होतं. वळसा घातला म्हणूनच कळसा ओळखू आला.

पण मुलगी अकराव्या वर्षी अशी निघती तर? गायिका गंगूबाई हनगल त्याच सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी हुबळीहून कुंदगोळला रेल्वेनं जात-येत. एवढंसं अंतर, पण गाणाऱ्या बाईकडे ज्या नजरेनं पाहिलं जाई त्या काळात ते जालंधरपेक्षा कमी लांब नव्हतं. प्रवासाची लांबी मुलासाठी आणि मुलीसाठी एकच नसते, आजही नाही. म्हणून तर मुलींनी निघावं असं मला फार वाटतं.

आज शर्टावर नाव लिहावं लागत नाही. मुलीच्या फोनचं लाईव्ह लोकेशन आईबाप दर तासाला पाहतात. काळजी मी समजू शकते, मीही आई आहे. तरी सांगते, दिवसभर तो नकाशा उघडू नका, रात्री एक फोन पुरे. कुंदगोळ हुबळीहून वीसेक किलोमीटरवर आहे. सुरुवातीला तिथपर्यंत तरी तिला एकटीला जाऊ द्या.